स्नोच्या डबीवरची बाई

मोंबासाहून निघालेली बोट मुंबईच्या धक्क्याला लागली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. कडेवर शेठची धाकटी मुलगी होती. ती वाटभर ओकत आली होती आणि माझ्या अंगाला तिचाच वास येत होता. माझा स्वतःचा पासपोर्ट नव्हता. शेठच्या कागदांत सगळ्यात खाली ‘नोकर’ एवढीच माझी नोंद होती. माझी आई त्यांच्या मोंबासाच्या घरी स्वयंपाक करायची. “दोन वर्षं पोरींना सांभाळेल, मग पाठवून देतो,” असं शेठ तिला म्हणाले होते. आईने मला शेठाणीच्या पाया पडायला लावलं आणि लगेच आत निघून गेली, चुलीवर काहीतरी होतं म्हणून. पन्नास सालच्या आसपासची ही गोष्ट.

शेठ मूळचे गुजराती. तिकडचं कापडाचं दुकान भावाला देऊन त्यांनी चिंचवडला जागा घेतली. इथे जमीन स्वस्त होती, आणि पिंपरीला निर्वासितांची छावणी पडल्यामुळे कामाला माणसं हवी तेवढी मिळत होती. पत्र्याची एक लांबलचक शेड, मागे विहीर, पुढे बंगला. शेडमध्ये साबण, केसांचं तेल आणि बायकांनी तोंडाला लावायचा पांढरा स्नो तयार व्हायचा. सकाळी शेठच्या दोन्ही मुलींना न्हाऊमाखू घालायचं आणि दुपारी शेडमधली पातेली घासायची, ही माझी कामं.

पहिले आठ दिवस गावातली माणसं मला बघायला येत होती. कोणी लांबून बघे. कोणी बोटाला थुंकी लावून माझा दंड घासून बघे, रंग निघतो का ते. एका म्हातारीने शेठाणीला विचारलं, “ही काय खाती?” शेठाणी म्हणाली, “उरेल ते.” सगळ्या हसल्या. मला तेव्हा मराठी येत नव्हतं, म्हणून त्यांच्याबरोबर मीही हसले.

मराठी मला शेजारच्या मावशीने आणि तिच्या मुलीने दिलं. मावशीचं घर विहिरीपलीकडे होतं. शेडखालची जमीन मुळात त्यांचीच, मावशीच्या सासऱ्याने शेठला विकलेली. उरलेल्या तुकड्यात त्या ज्वारी करायच्या. मावशी तोंडाने फटकळ. “ए काळे” म्हणून हाक मारायची, पण भाकरी द्यायची ती तव्यावरून उतरलेली गरम. तिची मुलगी माझ्याहून वर्षभराने लहान, चौथीपर्यंत शिकलेली. ती मला आक्का म्हणायची. दुपारी पवनेवर धुणं घेऊन गेलो की ती काळ्या दगडावर ओल्या बोटाने अक्षरं काढायची. उन्हाने अक्षर वाळून जायच्या आत मी ते ओळखायचं, नाहीतर तिचं एक लुगडं मी पिळायचं. मी चुकल्यावर ती मला कधी हसली नाही. तिच्याच घरचं बोलणं माझ्या तोंडात बसलं. व्हय, न्हाई, हाय, लई. शेठाणी म्हणायची, आफ्रिकेतून आणली आणि कुणबीण झाली.

दोन वर्षांची तीन झाली. मी परत जाण्याचं विचारलं की शेठ म्हणत, बोटीचा हंगाम नाही.

मग स्नोचा खप वाढवायचं त्यांच्या डोक्यात आलं. डबीवर दोन फोटो छापायचे, एक ‘आधी’ आणि एक ‘नंतर’. आधीची काळी बाई स्नो लावून नंतर गोरी होते, असं. पुण्याहून एक फोटोग्राफर आला. बंगल्याच्या ओट्यावर पांढरी चादर टांगली आणि समोर खुर्ची ठेवली. मला त्या खुर्चीत बसायला सांगितलं तेव्हा मी फार खूश झाले. माझा फोटो आजवर कोणी काढला नव्हता. मनात म्हटलं, एक आईला पाठवता येईल.

फोटोग्राफरने मला काचेतून पाहिलं आणि तो म्हणाला, “शेठ, ही नुसती सावळी येतेय. उजेडात हिचं कातडं चमकतं. काळी दिसायला हवी.” शेठाणीने कंदिलाची काजळी खोबरेल तेलात कालवली आणि माझ्या तोंडाला, गळ्याला, कानांमागे चोळली. मावशीची मुलगी विहिरीपाशी घागर घेऊन उभी होती. तिने तोंड वळवलं. तोंडाला काळं फासणं म्हणजे मराठीत काय, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला तेलाने गुदगुल्या होत होत्या.

“उदास बस,” फोटोग्राफर म्हणाला. “तोंड पाड. तुझ्याशी कोणी लग्न करत नाहीये, असं वाटलं पाहिजे.”

मला हसू येत होतं. फोटोच्या दोन काचा वाया गेल्या. तिसऱ्या वेळीही माझे दात दिसले. तेव्हा शेठ उठून माझ्याजवळ आले, खुर्चीच्या हातावर हात टेकून वाकले आणि माझ्या भाषेत, आमच्या किनाऱ्यावरच्या भाषेत, हळू म्हणाले, “तुझी आई वारली. पावसाळ्यातच वारली. पत्र आलंय.”

मग ते बाजूला झाले आणि मराठीत फोटोग्राफरला म्हणाले, “हं, घ्या.”

झगझगीत उजेड झाला. फोटोग्राफर म्हणाला, “वा! हा खरा.”

पत्र कुठे आहे म्हणून मी संध्याकाळी शेठाणीला विचारलं. ती केस विंचरत होती. “जाळलं,” ती म्हणाली. “मयताचं पत्र कोणी घरात ठेवतं का? आणि सांगितलं असतं तर चार दिवस तुझ्या हातून काम झालं असतं का?” तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आई मेल्यावर मी शेठच्या मुलींना उटणं लावलं होतं, फराळ खाल्ला होता, एक दिवस मावशीच्या अंगणात फुगडीही घातली होती.

‘नंतर’च्या फोटोसाठी छावणीतली एक मुलगी आणली. गोरीपान, हिरव्या डोळ्यांची. ती त्याच खुर्चीत बसून हसली. महिन्याभरात डब्या छापून आल्या. मावशीच्या मुलीने मला शिकवलेल्या अक्षरांनी मी स्वतःहून वाचलेला पहिला छापील शब्द म्हणजे माझ्या तोंडाखालचा ‘आधी’.

स्नो खपू लागला. साताऱ्याला, नाशिकला, कोल्हापूरला पेट्या जाऊ लागल्या. पण लावून फरक पडत नाही अशा तक्रारी यायच्या, म्हणून शेठने त्यात पाऱ्याची एक पांढरी पूड घालायला सुरुवात केली. पातेली मी घासायची. पंधरा दिवसांत माझ्या बोटांमधली कातडी कांद्याच्या सालीसारखी निघाली. स्नो घोटणाऱ्या एका बाईच्या कोपरापर्यंत फोड आले. मी तिला म्हटलं, “फडकं बांध हाताला. ही पूड वाईट हाय.” शेठच्या कानावर ते गेलं. त्यांनी मला शेडमध्ये सगळ्या बायकांसमोर उभं केलं आणि पायातली चप्पल काढून तोंडावर मारली. “पुन्हा तोंड उघडलंस तर पोलिसांत देईन,” ते म्हणाले. “तुझ्याकडे एक कागद नाही. तू आहेस कोण?”

म्हणजे मला माहीत होतं. पुढचं सांगायच्या आधी हे सांगायला हवं.

मावशीच्या मुलीला दोन ठिकाणांहून नकार आला होता. दोन्हीकडे एकच सबब, मुलगी काळी. ती काही माझ्यासारखी नव्हती. उन्हात राबणाऱ्या माणसाचा असतो तसा तिचा रंग होता. एका दुपारी पवनेवर तिने कमरेची पिशवी सोडली आणि स्नोची डबी बाहेर काढली. बाजारातून कोणाकडून तरी आणवली होती. डबीवर मी होते. तिने ती माझ्यासमोर धरली आणि खालच्या आवाजात विचारलं, “आक्का, खरं सांग, हे लावून माणूस गोरं व्हतं का? तू तर रोज बघतीस.”

मी डबीकडे पाहिलं. ज्या घटकेला मला आई गेल्याचं कळलं, त्या घटकेचाच चेहरा तिथे होता. माझ्यासारखं दिसू नये म्हणून काय करावं, हे ती मलाच विचारत होती. तिच्या मनात तसं काही नव्हतं. भाबडी होती ती. तरी मी म्हटलं, “व्हतं की.”

“दिवसाकाठी एकदा लावायचं लिवलंय.”

“एकदानं काय व्हतंय? दोनदा लाव. जाड लाव.”

तिने माझा हात धरून दाबला. मी कपडे पिळत राहिले.

पहिल्या पंधरवड्यात ती खरंच उजळली. मावशी खूश झाली. महाळुंग्याचं एक स्थळ आलं, मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली. मावशीने मला गूळ दिला. महिना झाला तसा तिच्या ओठांभोवती लालसर चट्टा उठला. मग गालांवर. मग सगळं तोंड सुजलं, डोळे दिसेनात, आणि सूज उतरली तेव्हा कातडी निघून आली. आत पांढरे आणि कोळशासारखे काळे डाग राहिले, खडबडीत, हनुवटीपासून कपाळापर्यंत. महाळुंग्याच्या लोकांनी सुपारी परत पाठवली.

मावशी डबी घेऊन बंगल्यावर आली. शेठ ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या मुलीची वेणी घालत होते. शेठ शांतपणे म्हणाले, “बाई, डबीवर लिहिलंय, दिवसातून एकदा. तुमच्या पोरीनं किती वेळा लावलं?”

मावशीने माझ्याकडे बोट केलं. “हिनं दोनदा सांगितलं. जाड लाव म्हनली.”

शेठ हसले. “ती? अहो ती हबशीण. जंगलातली जात. तिला काय कळतंय त्यातलं? तिचं तुम्ही ऐकलंत?”

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी बोलावं, अशी ती वाट बघत होती. मी मान खाली घातली, ओठ थोडे उघडे टाकले आणि डोळ्यांतलं सगळं काढून घेतलं. ज्याला काहीच कळत नाही, त्याचं तोंड करून बसले. मावशीने सुस्कारा सोडला. “खरंय,” ती म्हणाली. “खुळीला काय इचारायचं.” आणि निघून गेली. लोक विचारतात, अभिनय कुठे शिकलात. तिथे शिकले, त्या ओट्यावर.

त्या उन्हाळ्यात मुलीला हिंजवडीजवळच्या माणच्या एका बिजवराला दिली. त्याला पहिलीपासूनची तीन मुलं होती. लग्नात तिचं तोंड पदराने हनुवटीपर्यंत झाकलं होतं. मी लांबून पाहिलं. अक्षता टाकायला मला कोणी बोलावलं नाही.

सिनेमाचा माणूस आला तो डबी हातात घेऊनच. पुण्यात टेकडीखाली एक स्टुडिओ होता, तिथे देवादिकांचं चित्र निघत होतं आणि त्यांना राक्षसीण पाहिजे होती. त्या माणसाची बायको तो स्नो वापरायची. तो शेठला म्हणाला, “ही बाई कोण? काय चेहरा लागलाय हिचा! नट्यांना शिकवून जमत नाही हे.” शेठ म्हणाले, “घेऊन जा. काम झालं की परत आणून सोडा.” एखादी शिडी उसनी द्यावी, तसं.

स्टुडिओत त्यांनी माझ्या डोक्यावर काथ्याचे केस बांधले, मेणाचे सुळे लावले, आणि पुन्हा काजळी फासली. राक्षसीण काळी असते हे ठरलेलं होतं, आणि मी पुन्हा पुरेशी काळी नव्हते. मला बोलायचं काही नव्हतं. नुसतं गुरगुरायचं, धावून जायचं, आणि शेवटी नायकाच्या लाथेने दरीत पडायचं. दरी म्हणजे गवताची गादी.

मी पहिल्यांदा गुरगुरले तेव्हा दिवे धरणारे गडी दचकले. ऋषींच्या वेशातला एक म्हातारा नट मागे सरकला. मला ते आवडलं. एवढी वर्षं मीच मागे सरकत आले होते. शेठ, शेठाणी, मावशी, छावणीतली गोरी मुलगी, जो कोणी मनात आला त्याच्याकडे बघून मी गुरगुरले. दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाला, “जनावर आहे, जनावर!”

मग लाथेचा प्रसंग आला. नायक तरणाबांड, तालमीतला. त्याला लाथ खोटी मारता येत नव्हती, किंवा मारायची नव्हती. पहिली बसली ती बरगडीत. दिग्दर्शक म्हणाला, “पडताना चेहरा दिसला नाही. परत.” दुसरीही तिथेच. तिसऱ्या वेळी नायकाचा मुकुट हलला. चौथ्या वेळी मला श्वास घेता येईना. तो पाचव्यांदा पाय उचलतोय असं दिसल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, “आरं, लाथ घालायची तर घाल, पर दर खेपंला येकाच बरगडीत का? दुसरी काय म्हायेरला गेली व्हय?”

नायकाचा पाय तसाच वर राहिला. माझ्या तोंडून मराठी निघेल असं तिथे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग दिव्यांवरचा एक गडी फसकन हसला, आणि त्यामागून सगळे. नायक पोट धरून खाली बसला. दिग्दर्शकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. “पुन्हा बोल,” तो म्हणाला. “तेच पुन्हा बोल बघू.” मी बरगडी दाबून पुन्हा बोलले. सगळे पुन्हा हसले. कोणी विचारलं नाही, लागलं का म्हणून. ती एक बरगडी मला अजून थंडीत जाणवते.

राक्षसीण म्हणून मी दोन दिवस काम केलं. पुढच्या चित्रात दिग्दर्शकाने मला मोलकरीण केलं, बोलणारी. घरंदाज नायिकेच्या घरी असलेली काळीकुट्ट मोलकरीण, जी मावळच्या बायकांसारखं बोलते. एका प्रसंगात मी नायिकेच्या आरशासमोर बसून तिची पावडर तोंडाला थापते आणि गडी आत येतो, एवढंच लिहिलेलं होतं. “काहीतरी बोल,” दिग्दर्शक म्हणाला. “तुझ्या भाषेत. तुला सुचेल ते.”

मी तोंडाला पांढरं थापलं, गड्याकडे वळले, त्याचा हात धरून दाबला आणि खालच्या आवाजात विचारलं, “खरं सांग, हे लावून माणूस गोरं व्हतं का?”

मला ते सुचलं नव्हतं, आठवलं होतं. शब्द तिचे, आवाज तिचा, हात दाबायची रीतही तिची. त्या क्षणी मला ते चुकीचं वाटलं नाही. दिवे तापले होते, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि हशा कुठून येणार ते मला आधीच दिसत होतं. आला.

ते चित्र चाललं ते माझ्या त्या प्रसंगावर, असं लोक म्हणत. रस्त्याने पोरंटोरं माझ्यामागे तेच वाक्य ओरडत येऊ लागली. राक्षसिणीला माणसं वाट तरी देत होती. आता हसत हसत जवळ येत, गालाला बोट लावत, पदर ओढत. एका थेटरच्या दारात एकाने माझ्या तोंडावर मूठभर पिठी फेकली आणि सगळे हसले. मीही हसले. हसणं माझं काम होतं. शेठ मला परत मागत होते, पण दिग्दर्शकाने कोणा अधिकाऱ्याला सांगून माझे कागद करून घेतले. कागदावर धंदा ‘चित्रपटात काम’. मी स्टुडिओजवळच्या एका खोलीत राहायला आले. मी निघताना शेठाणीने माझी पिशवी झाडून पाहिली.

दिवाळीनंतर चिंचवडच्या माळावर फिरत्या सिनेमाचा तंबू पडला. तंबूवाल्याने मला बोलावलं. खेळाआधी मोलकरणीच्या वेशात दारात उभं राहायचं, म्हणजे गर्दी होईल. मी गेले. गावाने मला पाहावं, अशी मला हौस होती, खोटं कशाला बोलू. दिवस मावळताना पहिला खेळ लागला. बायकांची बाजू कनातीने वेगळी केलेली. मी मागे यंत्राजवळ उभी राहिले. तो प्रसंग आला आणि तंबू हलला. बायकांच्या बाजूने तर किंकाळ्या आल्या हसण्याच्या.

खेळ सुटल्यावर मी बाहेर आले. मावशी कनातीच्या दोराजवळ उभी होती. तिच्या शेजारी पदर पुढे ओढलेली एक बाई, कडेवर तान्हं मूल. चालण्यावरून ओळखली. दिवाळीला माहेरी आली असणार.

“आक्का,” ती म्हणाली, “ते माझंच बोलणं हाय न्हवं?”

“व्हय.”

“मला वाटलंच.” तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. “मानसं लई हसली.”

मागून तिचा नवरा आला, चाळिशीचा, तंबाखू मळत. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो खूश झाला. मग बायकोच्या खांद्याला धक्का देऊन सिनेमातल्यासारखा आवाज काढत म्हणाला, “काय गं, हे लावून माणूस गोरं व्हतं का? आँ? चल, गोरे, गाडी जुपलीया.” आजूबाजूचे दोघेतिघे हसले. त्याला माहीत नव्हतं ते कोणाचं वाक्य आहे. तरी त्याने ते बरोबर तिलाच म्हटलं.

मावशी मला म्हणाली, “माझ्या चुलीवरची भाकर खाल्लीस तू.” एवढंच. 

मुलगी मात्र हलली नाही. तिने मूल मावशीकडे दिलं, दोन्ही हातांनी पदर मागे सारला आणि तंबूच्या दिव्याखाली तोंड वर केलं. “बग,” ती म्हणाली. “नीट बगून घे. फुडच्या सिनेमात लागंल.”

आणि मी पाहिलं. लाज वाटून डोळे खाली जायला हवे होते, ते गेले नाहीत. डावी भुवई नव्हती. ओठाचा एक कोपरा आखडला होता, त्यामुळे ती सारखी काहीतरी कडू चाखतेय असं वाटे. पदर सारताना तिने हनुवटी आधी उचलली, डोळे मागून. हे मी सगळं पाहून घेतलं.

दोन वर्षांनी मला एकदाच अशी भूमिका मिळाली, जिच्यात हसवायचं नव्हतं. घरातून हाकललेली, तोंडावर देवीचे व्रण असलेली एक बाई. तिचा मुलगा तिला ओळखत नाही, तेव्हा ती पदर सारून तोंड दाखवते. मी हनुवटी आधी उचलली, डोळे मागून. थेटरात माणसं रडली. वर्तमानपत्रात माझ्याबद्दल चार चांगल्या ओळी आल्या. पुन्हा तसं काम कोणी दिलं नाही, पण त्या चार ओळींवर माझं नाव टिकलं आणि पुढे मला मोलकरणींची कामं कमी पडली नाहीत.

त्या चित्रानंतर मी माणला गेले. कशासाठी गेले, तेव्हा मला वाटत होतं माफी मागायला. ती शेतात एकटीच हरभरा उपटत होती. मला पाहून तिने काम थांबवलं नाही. मी बांधावर बसले. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलले. मावशी गेल्याचं तिने सांगितलं. शेठची शेड बंद पडल्याचं मी सांगितलं. मग मी म्हटलं, “तुला एक सांगायचं हाय. ती पूड वाईट हाय, हे मला ठाऊक व्हतं. माझ्याच हाताची कातडी गेली व्हती. तरी मी तुला दोनदा लाव म्हनले.”

तिचा हात थांबला.

“खुळेपनानं न्हाई?” तिने विचारलं.

“न्हाई.”

“मग कशापायी?”

“तू ती डबी माझ्याम्होरं धरलीस. माझ्यावानी दिसू ने म्हनून मलाच इचारलंस. मला राग आला.”

ती हातातल्या हरभऱ्याच्या डहाळीकडे बघत उभी राहिली. मला रडायला येत होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं.

“हे कशाला सांगितलंस?” ती शेवटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “इतकी वरसं मी नशिबाला शिव्या देत व्हते. नशिबाला शिव्या दिल्या की मानसाला झोप लागती. तू खुळी हायेस, तुला कळलं न्हाई, असं मी घरात समद्यांना सांगायची. माझी आय मरताना तुला शिव्या घालत व्हती, तिला बी मी हेच म्हनले. आता काय करू मी?”

“मला मार,” मी म्हटलं.

“मारून काय व्हनार?” तिने कमरेचा पदर खोचला. “तुला हलकं वाटंल. जा तू. आन् परत येऊ नगंस. पोरं शाळंतून यायची येळ झाली, त्यांनी तुला वळखलं तर ते वाक्य म्हनत बसतील.”

मी बांधावरून उठले. ती पाठ करून पुढच्या सरीला लागली होती. ढेकळांतून चालत मी रस्त्यावर आले. हिंजवडीकडे एक बैलगाडी चालली होती, गाडीवानाने मला ओळखलं नाही आणि बसू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात शूटिंग होतं. मी वेळेवर पोचले, आणि सगळे टेक पहिल्या फटक्यात झाले.